नाताळच्या सुट्टीतली धाव आणि सोबत दोन पोरं: कसं जमवता?

पर्वरीची_मुग्धा
नमस्कार मंडळी. नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या रविवारी पणजीत धाव आहे, मिरामार सर्कलहून सुटणारी. दहा किलोमीटरवाले करंझाळ्यावरून दोनापावलाचा चढ चढून परत. पाचवाले बांदोडकर मार्गाने कांपालकडे जाऊन परत. सगळ्यात शेवटी लहान मुलांची एक किलोमीटरची.

आम्हा दोघांनाही धावायचंय. नवऱ्याने दहाला नाव दिलं. मी अजून कशालाच दिलेलं नाही, कारण घरात एक अडीच वर्षांची आणि एक सहा वर्षांचा आहे. सासूसासरे सुट्टीत नणंदेकडे पुण्याला. माझे आईबाबा वेंगुर्ल्याला, त्यांना पहाटे चारला उठवून पणजीत आणून बसवणं मला बरं वाटत नाही. "तू मुलांना घेऊन कडेला थांब, फोटो काढ" हा उपाय सगळ्यांनी सुचवून झालाय, तो कृपया पुन्हा नको.

बाबागाडी घेऊन धावता येतं का? सहा वर्षांच्याला पाच किलोमीटर सोबत न्यावं का? की यंदा एकाने, पुढच्या वर्षी दुसऱ्याने?

सुशेगाद_पळपुटा
चौघेही झोपा. आठला उठून बन आणि पातळ भाजी. माझा सराव असाच चालतो, गुडघे अजून नवेकोरे आहेत.

चिखलीची_सई
बाबागाडी घेऊन मी धावते, तेव्हा सविस्तर लिहिते.

घरात असते ती छोट्या चाकांची, दुमडून डिकीत टाकायची गाडी यासाठी चालत नाही. तिचं पुढचं चाक चिरेत अडकलं की गाडी जागच्या जागी थांबते आणि आपण तिच्यावरून पुढे. धावण्याची वेगळी मिळते. मोठी तीन चाकं, सायकलसारखी हवा भरायची. पुढचं चाक सरळ लॉक करता येतं, ते धावताना लॉकच हवं. हँडलला ब्रेक आणि मनगटात अडकवायचा एक पट्टा, म्हणजे हात सुटला तरी गाडी आपल्याला सोडून उतारावरून निघत नाही. आत मुलाला दोन खांदे, कंबर आणि मांड्यांमधून असा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा. यातलं काहीही कमी असेल तर चाला, धावू नका.

धावताना एका हाताने ढकलायचं, दुसरा मोकळा हलू द्यायचा, थोड्या वेळाने हात बदलायचा. दोन्ही हातांनी धरून धावलं की खांदे कानाला लागतात आणि पाठ धरते. गतिरोधकांवर चालायचं. चिखलीहून विमानतळाकडचा चढ मी गाडी ढकलत चढते. वर पोचेपर्यंत आतली व्यक्ती गाढ झोपलेली असते, हा त्यातला एकमेव फायदा. घड्याळ मात्र घरी ठेवा. गाडीबरोबरचा वेग आणि गाडीशिवायचा वेग यांची तुलना करत बसलात तर उगीच वाईट वाटेल.

नव्या गाडीची किंमत ऐकून आमच्याकडे दोन दिवस शांतता होती, मग मी वापरलेली घेतली. तुम्हाला हवी तर नेऊन बघा.

नियमपुस्तक
आधी नियम वाचा. बऱ्याच धावांमध्ये बाबागाडी, कुत्रा, स्केट आणि सायकल यांना मार्गावर मनाई असते. नाव नोंदवताना आपण न वाचता ज्या चौकोनात बरोबरची खूण करतो, त्यातच हे लिहिलेलं असतं. आयोजकांना लेखी विचारा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये ठेवा. पहाटे पाचला अंधारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला काही माहीत नसतं.

आता थोडं कटू. मी वेळेसाठी धावतो. वर्षभर घासून एखाद्या धावेत दोन मिनिटं कमी करायची असतात आणि पहिल्याच वळणावर समोर सेल्फी काढणारं चौकोनी कुटुंब, आडवं, हातात हात घालून. एकदा तर बाबागाडीचं चाक माझ्या टाचेवर आलं. मुलं आणा, जरूर आणा, पण सगळ्यात मागून सुटा आणि रस्त्याच्या कडेने जा.

डिचोलीकर
नियमपुस्तक, दोन मिनिटं कमी करायला नाताळच्या आठवड्यातली पणजी निवडलीत? त्या दिवसांत पणजीत गाडीलासुद्धा वेळ गाठता येत नाही.

नियमपुस्तक
म्हणून तर पहाटे धावतो.

फोंड्याची_आजी
मुग्धा, एक विचारू? आईबाबांना "बरं वाटत नाही" हे त्यांनी सांगितलं की तुम्हीच ठरवलंत? मी पासष्टीची आहे. माझ्या मुलीने मला अशा कामासाठी कधी विचारलंच नाही आणि नंतर फोटो पाहून मला राग आला. मला पहाटे चारला तशीही जाग येते. विचारून बघा, नाही म्हणायला आम्हाला तोंड आहे.

बाकी मुलांना पहाटे उठवून न्यावं की नाही यावर माझं मत विचाराल तर, आम्ही फातर्प्याच्या जत्रेला पोरं खांद्यावर झोपलेली नेत होतो आणि खांद्यावर झोपलेली आणत होतो. त्यांना जत्रा आठवत नाही, खाजं आठवतं.

बालडॉक्टर
मी मुलांचा डॉक्टर आहे आणि हळू धावणारा आहे, दोन्ही नात्यांनी लिहितो.

१) बाळ किमान सहा ते आठ महिन्यांचं होऊन मान आणि पाठ नीट धरू लागेपर्यंत धावत्या गाडीत बसवू नका. चालण्यासाठी हरकत नाही. त्यातही आपल्या बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारा. मुग्धांची अडीच वर्षांची आहे, तिथे हा प्रश्न नाही.

२) छातीला बांधायच्या झोळीत बाळ घेऊन धावू नका. कोणत्याही वयाचं. आपल्या प्रत्येक पावलाला त्याच्या डोक्याला हिसका बसतो. शिवाय आपण अडखळलो तर पडणार त्याच्यावरच.

३) ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकतात, ते टाळा. हवा आत कोंडते आणि तापते, आपल्याला बाहेरून कळत नाही. गाडीचं स्वतःचं छत पुरे, टोपी घाला. आपण धावून घामाघूम होतो म्हणून बाळालाही गरम होत असेल असं वाटतं, पण पहाटे ते नुसतं बसलेलं असतं आणि समोरून वारा. डिसेंबरात मांडवीकाठी पहाटे गारवा असतो, तेव्हा पायावर पातळ पांघरूण आणि सात वाजून गेले की ते काढायचं. उन्हं आल्यावर मात्र उलट. लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर तापतात, आणि गाडीत ती तापलेल्या डांबराच्या आपल्यापेक्षा जवळ असतात.

४) सहा वर्षांचा मुलगा. तो दिवसभर पळतो, पण थांबत थांबत. पाच किलोमीटर सलग एका लयीत हा मोठ्यांचा खेळ आहे. त्याला एक किलोमीटरच्या धावेत घाला. पाचला न्यायचंच असेल तर चालायची, बसायची आणि "मला नको" म्हणायची मोकळीक देऊन न्या. पदकाच्या आमिषाने ओढू नका.

ताळगावची_नवी_आई
डॉक्टर, माझं बाळ चार महिन्यांचं. मला हळूहळू धावायला सुरुवात करायचीय. घरात सगळे म्हणतात धावलं की दूध आंबतं. खरं का?

बालडॉक्टर
नाही. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही, बाळाचं वजन वाढायचं थांबत नाही. निघण्याआधी पाजून निघा, तुम्हालाही हलकं वाटेल. पाणी भरपूर प्या. बाळंतपण कसं झालं त्यावर सुरुवात कधी करायची ते अवलंबून, ते तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि बाळ मात्र अजून धावत्या गाडीत नको.

कोल्हापूरचा_रस्सा
आम्ही दरवर्षी कोल्हापूरहून येतो, आंबोलीमार्गे. मुलांसकट धावेला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल:

घाट आदल्या दिवशी दुपारपर्यंत उतरा. आमची धाकटी आंबोलीच्या प्रत्येक वळणावर आपलं मत व्यक्त करते. बेळगावकडून चोर्ल्याने येणाऱ्या मित्राचंही तेच. ओकाऱ्या झालेलं मूल पहाटे चारला उठत नाही, उठलं तर आख्ख्या हॉटेलला उठवतं.

हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि धाव पावणेसहाला सुटते. त्यामुळे केळी, उकडलेली अंडी, राजगिऱ्याच्या वड्या आदल्या दिवशीच आणून ठेवा. नाताळच्या आठवड्यात पणजीत खोल्यांचे दर ऐकून आम्ही पलीकडे बांद्यात नातेवाइकांकडे उतरतो. पहाटे रस्ता मोकळा असतो.

येताना पत्रादेवीला थांबतो. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळ्या खाऊन गेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. मोठ्याला आता कळायला लागलंय की गोवा १५ ऑगस्ट १९४७ ला नाही, १९ डिसेंबर १९६१ ला मोकळा झाला. त्याचा प्रश्न होता, "मग मधली चौदा वर्षं यांना सुट्टी कधी मिळायची?"

सुशेगाद_पळपुटा
प्रश्न योग्य आहे. पोराला गोव्यात स्थायिक करा.

कुठ्ठाळीची_मीनाक्षी
धागा गाडीच्या चाकांत अडकलाय, म्हणून मूळ मुद्द्यावर येते. मुग्धाच्या पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, "नवऱ्याने दहाला नाव दिलं, मी अजून कशालाच दिलेलं नाही." प्रश्न एवढाच आहे. मुलं दोघांची, सुट्टी दोघांची, पण नाव नोंदवताना एकाने मुलांचा विचार केला नाही आणि दुसरीने फक्त मुलांचाच केला.

कुठल्याही धावेच्या शेवटच्या रेषेपलीकडे उभे राहून बघा. एका हातात मूल, खांद्याला डायपरची पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याचा टॉवेल आणि मोबाइल धरून उभ्या असलेल्या बायका मोजा. मग तसेच उभे असलेले पुरुष मोजा. त्यातल्या कितीजणी धावल्या असत्या हे कोणी विचारलेलं नसतं.

यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा, हे कागदावर छान दिसतं. पुढच्या वर्षी धाकटीला गोवर, मोठ्याची परीक्षा किंवा घरात लग्न निघतं. पाळी चुकते ती नेहमी तिचीच.

डिचोलीकर
मीनाक्षीताई, सगळीकडे एकच चष्मा नको. माझ्या बायकोला धावायला आवडत नाही. ती कडेला उभी राहून मला चिडवते, त्यात तिला आनंद आहे. तिला जबरदस्तीने दहा किलोमीटर पळवू का?

कुठ्ठाळीची_मीनाक्षी
नका पळवू. पण इथे जिने धागा काढलाय तिला धावायचंय, आणि तिने ते दोनदा लिहिलंय.

डिचोलीकर
हे मान्य.

म्हापसा_ते_जर्सी
इकडच्या गंमती सांगतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, गावोगाव "टर्की ट्रॉट" होतात. दुपारी टर्की पक्ष्याचं मांस आणि "पाय" नावाचा सारण भरलेला भाजका पदार्थ खायचा, म्हणून सकाळी पळून घ्यायचं. यातली बफेलो शहरातली १८९६ सालापासून चालू आहे, आठ किलोमीटरची. बॉस्टन मॅरेथॉन १८९७ ची, म्हणजे ही पोटभऱ्यांची धाव तिच्याहून वर्षभराने मोठी.

आमच्या गावातल्या धावेत निम्मे लोक टर्कीचे पोशाख घालून आणि चौथाई बाबागाड्या घेऊन. गाड्यांची रांग वेगळी, सगळ्यात मागे. कोणी चिडत नाही, कारण त्या दिवशी वेळ मोजणारे पहिल्या शंभरात असतात आणि बाकीचे गप्पा मारत जातात. थंडी मात्र अशी की मुलांना रजईत गुंडाळून गाडीत ठेवतात, फक्त नाक बाहेर. मिरामारच्या वाऱ्याची फार आठवण येते.

करंझाळ्याचो_बाब
सुट्टीच्या धावेचा विषय निघालाच आहे तर ब्राझीलची सांगतो, आमच्याशी पोर्तुगिजांच्या नात्याने चुलत लागते. साओ पावलो शहरात ३१ डिसेंबरला साओ सिल्व्हेस्त्रेची धाव असते, १९२५ पासून. त्या दिवशी संत सिल्व्हेस्टरचा सण. अंतर १५ किलोमीटर. आधी मध्यरात्री धावायचे, वर्ष बदलताना लोक रस्त्यावरच. आता सकाळी असते.

आपल्याकडे ३१ ला रात्री ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात, धावणार कोण? उलट गेल्या वर्षी संध्याकाळी सरावाला निघालो तर ताळगावात पोरांनी रस्त्यावर दोरी धरून अडवलं, "ओल्ड मॅनाक पयशे दी!" मी म्हटलं, चड्डीला खिसा नाही. एकाने शांतपणे फोनवर क्यूआर कोड दाखवला.

चिखलीची_सई
क्यूआर कोड!! 😂

नियमपुस्तक
सुटी नाणी खिशात ठेवून धावणं नियमात बसतं.

सुशेगाद_पळपुटा
दोघं एकाच बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या एकाच नंबरावर, धावा ना. अर्धं अंतर नवरा, अर्धं बायको, मधे मुलांची अदलाबदल. रिले!

नियमपुस्तक
अजिबात नको. बिबमध्ये वेळ मोजणारी चिप असते आणि ती एका माणसाच्या नावावर असते. काही झालं, चक्कर आली, तर बिबच्या मागे लिहिलेलं नाव, रक्तगट आणि फोन दुसऱ्याचाच निघणार. रुग्णवाहिकेतला माणूस तेच वाचतो. आणि जाता जाता, बिबची मागची बाजू भरा. निम्मे लोक कोरी ठेवतात.

बालडॉक्टर
+१. मुलांच्या हातावरही पेनने फोन नंबर लिहा. सहा वर्षांच्याला नंबर पाठ असतो, पण रडताना आठवत नाही. आणि आई धावत असताना आईचा फोन पिशवीत वाजत राहतो, तेव्हा नंबर अशाचा लिहा जो धावत नाहीये.

पर्वरीची_मुग्धा
सगळ्यांना देव बरें करूं.

आजी, तुमचं ऐकून आईबाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "त्या रात्री गावात दशावतार आहे, आम्ही नाही येणार." एका वाक्यात विषय संपला. म्हणजे मी उगाच दोन आठवडे त्यांच्यावर दया करत होते.

आयोजकांचं उत्तरही आलं. बाबागाडी फक्त पाच किलोमीटरला, सगळ्यात मागच्या रांगेतून. दहा पावणेसहाला सुटणार, पाच सात वाजता, मुलांची सव्वाआठला. आता प्रश्न असा की हे दहा संपवून येईपर्यंत माझी पाच सुटून जाईल. यांना दहाला सत्तर मिनिटं लागतात. मधे पाच मिनिटं उरतात.

मुग्धाचा_नवरा
हे खातं आजच उघडलंय. नोंद असावी म्हणून: मी "फोटो काढ" म्हटलं नव्हतं. "फोटोही काढता येतील" म्हटलं होतं.

कुठ्ठाळीची_मीनाक्षी
या या, भावोजी. आम्ही तुमचीच वाट बघत होतो.

म्हापसा_ते_जर्सी
पाच मिनिटांत घामाघूम नवऱ्याकडून मुलं कशी घेणार? उलट करा. मुग्धा दहा धावते. भावोजी मुलांना झोपू देतात, साडेसहापर्यंत सुशेगाद मिरामारला येतात आणि गाडी घेऊन पाचला मागून सुटतात. मोठा सोबत, जमेल तितका पळेल. मुलांना चारला उठवायला नको, मुलं एकमेकांकडे सोपवायची घाईही नाही. दोघं धावतात, दोघांना पदक.

फोंड्याची_आजी
हेच म्हणणार होते, मला टायपिंगला वेळ लागतो.

मुग्धाचा_नवरा
पण दहाचं नाव माझं आहे. पैसे भरलेत.

नियमपुस्तक
पावतीवरच्या ईमेलवर गट बदलायची विनंती करा. नंबरवाटपाच्या आधी सहसा बदलून देतात. वरून खाली येताना फरकाचे पैसे परत मिळत नाहीत, एवढं मनाशी धरा.

मुग्धाचा_नवरा
पैशाचं नाही हो. दोनापावलाचा चढ मला करायचा होता.

चिखलीची_सई
तो चढ तिथेच आहे, कुठल्याही मंगळवारी जाऊन करता येतो. समुद्रविज्ञान संस्थेच्या अलीकडून सुरू करा. वरून उतरताना पोटऱ्या सांभाळा.

डिचोलीकर
अवांतर: धाव संपल्यावर मुलांना कुठे नेता? मिरामारला वाळू असते म्हणून माझी पोरं हलतच नाहीत. मग विज्ञान केंद्र उघडेपर्यंत त्यांना काय खायला घालायचं हा यक्षप्रश्न.

सुशेगाद_पळपुटा
अखेर माझ्या अभ्यासाचा विषय आला. पणजी मार्केटाकडे चला. गरम बन, सुकी भाजी, पातळ भाजी, मिरची, कपातून चहा. मुलांना बन नुसताच द्या, गोडसर असतो, भांडणं मिटतात. कोणाला रोस ऑम्लेट हवं असेल तर ते संध्याकाळचं काम, सकाळी कोणी विचारू नका.

कोल्हापूरचा_रस्सा
पातळ भाजीत तर्री कुठे असते?

सुशेगाद_पळपुटा
याच कारणासाठी सीमेवर चेकनाका ठेवला पाहिजे.

बालडॉक्टर
विषय निघालाच आहे म्हणून. धावेनंतर मुलाला लगेच पोटभर नको, आधी पाणी, शहाळं. आणि पहाटे मांडवीच्या काठाला डास असतात, गाडीत बसलेल्या मुलाच्या पायांना आधीच मलम लावा. त्याला हात मारून हाकलता येत नाहीत, तो पट्ट्यात असतो.

मागे कोणी "माझा सात वर्षांचा दहा किलोमीटर सहज पळतो" असं व्यक्तिगत निरोपात लिहिलंय, त्यांनाही इथेच उत्तर देतो. सहज पळत असेल तरी गरज नाही. २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवलं होतं, सगळा देश कौतुक करत होता. पुढे सरकारला त्याच्या लांब धावण्यावर बंदी घालावी लागली. मूल पळू शकतं म्हणजे त्याने पळावं असं नाही. त्याला पोहू द्या, झाडावर चढू द्या, फुटबॉल खेळू द्या.

करंझाळ्याचो_बाब
फुटबॉल! शेवटी गोव्यातला मुद्दा कोणीतरी काढला.

पर्वरीची_मुग्धा
(धावेनंतर)

झालं! दहा धावले. आधी वृत्तांत देते, मग झोपते.

गट बदलून मिळाला. सईकडून गाडी आणली, आठवडाभर पर्वरीत संध्याकाळी रिकामी आणि मग भरलेली ढकलून बघितली. म्हणजे यांनी बघितली. पहिल्या दिवशी गाडीत दळणाचा डबा ठेवून फिरवत होते, शेजारचे विचारत होते.

मी पहाटे एकटीच स्कूटरने गेले. सुटलो तेव्हा काळोख, करंझाळ्यापर्यंत रस्त्याच्या दिव्यात, पायाखालचं बघत. दोनापावलाच्या चढावर माझ्या पुढच्या सगळ्या बायका चालायला लागल्या, मीही लागले, वर पोचल्यावर समुद्राकडून वारा आला आणि मग उतारावर पाय आपोआप. वेळ सांगत नाही. नियमपुस्तक यांच्यापेक्षा नक्की जास्त.

परतताना मिरामारला सर्कलच्या अलीकडे बाकीचं कुटुंब दिसलं, सुटायच्या रांगेच्या अगदी मागे. धाकटी गाडीत झोपलेली. मोठा गाडीच्या पुढच्या चाकाचं लॉक तपासत होता, त्याला बाबांनी तेवढंच काम दिलं होतं आणि तो ते दर मिनिटाला करत होता.

पाच किलोमीटरात काय घडलं ते यांनीच लिहावं.

मुग्धाचा_नवरा
लिहितो. पहिला किलोमीटर मुलगा माझ्या पुढे पळाला. दुसऱ्यात त्याला एक कुत्रा भेटला. कुत्र्याशी ओळख होईपर्यंत आमच्या मागे फक्त रुग्णवाहिका उरली होती. तिच्या चालकाने काच खाली करून विचारलं, "सगळं बरं?" मुलगा म्हणाला, "हो, तुम्ही जा पुढे." कांपालच्या वळणावर धाकटी उठली आणि तिने मला ओळखून "आई" असं हाक मारत रडायला सुरुवात केली. तिसऱ्या किलोमीटरपासून मुलगा गाडीत, मुलगी माझ्या कडेवर, म्हणजे धावणं संपलं, चाललो. पाणी देणाऱ्या मुलींनी टेबल आवरायला घेतलं होतं, आम्हाला बघून पुन्हा मांडलं.

पूर्ण केलं. दहा किलोमीटर सोपे असतात असं माझं मत झालंय.

कुठ्ठाळीची_मीनाक्षी
भावोजी, फोटो कोणी काढले?

मुग्धाचा_नवरा
कोणीच नाही.

फोंड्याची_आजी
आणि मुलांची एक किलोमीटर?

पर्वरीची_मुग्धा
नंबर लावला, टी-शर्ट घातला, रांगेत उभा राहिला. शिट्टी वाजली तशी सगळी मुलं सुटली आणि हा वळून वाळूत गेला. म्हणाला, मी आजच्यापुरतं धावलोय. भेटायचं ठिकाण आम्ही भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी ठरवलं होतं, शेवटच्या रेषेजवळ फार गर्दी होते म्हणून. तर हा वाळूतून स्वतःच तिथे जाऊन बसला. शोधावं लागलं नाही.

बालडॉक्टर
उत्तम. सगळ्यांनी असं ठिकाण ठरवा, आणि मुलाला आदल्या दिवशी ते दाखवून आणा.

नियमपुस्तक
मी तिथेच होतो. गाडी कडेने होती आणि मागच्या रांगेत होती, तक्रार नाही.

चिखलीची_सई
मुग्धा, गाडी इतक्यात परत आणू नका, आमची आता उतरायला मागत नाही आणि चालायलाही मागत नाही, तिला थोडे दिवस दिसायला नको. दुसऱ्या कोणाला हवी असेल तर इथेच सांगा, परस्पर द्या.

ताळगावची_नवी_आई
मला हवी! बाळ आठ महिन्यांचं झालं की. तोवर रिकामी ढकलून सराव करते.

कोल्हापूरचा_रस्सा
त्यानंतर माझा नंबर. आंबोलीतून डिकीत बसेल का? पुढचं चाक निघतं का?

चिखलीची_सई
निघतं. मागचीही निघतात. बसेल.

नियमपुस्तक
परत बसवल्यावर गाडी उचलून तिन्ही चाकं फिरवून बघा. हवा किती भरायची ते टायरवर लिहिलेलं असतं, पेट्रोलपंपावरच्या माणसाला अंदाजाने भरू देऊ नका.